रात्रभर ऑक्सिजन यंत्र चालेल अशी सौर आणि बॅटरी यंत्रणा : कोकणातील जुन्या घरासाठी सल्ला हवा आहे

तांबडी_माती यांचा प्रश्न

नमस्कार. माझे आईवडील दापोली तालुक्यात, समुद्रापासून साधारण तीन किलोमीटर आत असलेल्या आमच्या जुन्या घरात राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. वडिलांचे वय ७४ आहे. फुप्फुसाच्या जुनाट आजारामुळे गेल्या वर्षापासून त्यांना रात्री नऊ ते सकाळी सात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारे विजेवरचे यंत्र) लावावा लागतो. यंत्र मिनिटाला ५ लिटर क्षमतेचे आहे आणि डॉक्टरांनी प्रवाह २ लिटरवर ठेवायला सांगितले आहे. घरात आठ वर्षांपूर्वीचा साधा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची एक ट्यूब्युलर बॅटरी आहे. पूर्वी तिच्यावर दिवे-पंखे रात्रभर चालत असत, पण हे यंत्र जोडल्यापासून ती दोन तासही टिकत नाही. मागच्या जुलैत रात्री एक वाजता लाईन गेली आणि तीनच्या सुमारास इन्व्हर्टरने शिट्टी दिली. आईने एकटीने वडिलांना उठवून बसवले आणि सकाळपर्यंत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत ती जागी राहिली. हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळले. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले आहे.

आमच्याकडे पावसाळ्यात लाईन जाणे नवीन नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा वाडीत वीज परत यायला तीन आठवड्यांहून अधिक दिवस लागले होते. तसा प्रसंग पुन्हा येईल तेव्हा वडिलांचे यंत्र चालू राहिले पाहिजे, ही माझी मुख्य गरज आहे. बिल कमी झाले तर चांगलेच, पण ते दुय्यम आहे.

मी दोन विक्रेत्यांकडून दर मागवले. पहिल्याने ३ किलोवॉटची ऑन-ग्रिड (विजेच्या लाईनला जोडलेली, बॅटरी नसलेली) यंत्रणा १ लाख ९५ हजारांत सांगितली आणि “बिलही शून्य होईल आणि लाईट जाण्याची काळजीही मिटेल” असे तोंडी आश्वासन दिले. दुसऱ्याने ३ किलोवॉटची हायब्रीड (लाईन आणि बॅटरी दोन्हींना जोडलेली) यंत्रणा आणि ५.१२ युनिटांची एक लिथियम बॅटरी मिळून ३ लाख ६० हजार सांगितले. दोन्ही रकमा अनुदान वजा होण्याआधीच्या आहेत. घराचा मुख्य भाग जांभ्याचा आणि कौलारू आहे, मागच्या बाजूला बावीस फूट बाय सोळा फूट स्लॅब आहे आणि त्या स्लॅबच्या पश्चिमेला हापूसचे एक मोठे कलम आहे. महिन्याचा वापर सरासरी २२० युनिटे आहे. आणखी एक अडचण म्हणजे विजेचे बिल अजूनही आजोबांच्या नावावर येते आणि त्यांना जाऊन पंधरा वर्षे झाली.

दोनपैकी कोणती यंत्रणा घ्यावी, बॅटरी किती मोठी असावी आणि कोकणातल्या वाऱ्यापावसाच्या दृष्टीने कशाची खातरजमा करावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.

वीजतंत्री यांचे उत्तर

ताई, पहिल्या विक्रेत्याने तुम्हाला जे सांगितले ते चुकीचे आहे आणि तुमच्या घरी ते धोक्याचेही ठरेल, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड यंत्रणा लाईन गेल्याबरोबर स्वतःहून बंद होते, मग बाहेर कितीही कडक ऊन असो. हा त्या यंत्रणेचा दोष नाही. तारा दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टरमध्ये तशी सक्तीची सोय केलेली असते. त्यामुळे ऑन-ग्रिडने बिल नक्की कमी होईल, पण रात्री एक वाजता लाईन गेली तर तुमच्या घरात आज जो अंधार होतो तोच तेव्हाही होईल. मी २६ वर्षे वीजजोडणीच्या कामात आहे आणि ही गोष्ट न सांगता विकलेल्या यंत्रणा मी इतक्या घरांत पाहिल्या आहेत की कोणी नुसते “सोलर बसवले” म्हटले तरी मी आधी हाच प्रश्न विचारतो.

तुमच्यासाठी हायब्रीड हाच मार्ग आहे. मात्र दुसऱ्या विक्रेत्याने सुचवलेली बॅटरी तुम्हाला पुरणार नाही. तिचा हिशेब पॅनेलच्या किलोवॉटवरून न करता वडिलांच्या रात्रीवरून करायला हवा.

५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारणपणे ३०० ते ३५० वॉट घेतो. प्रवाह २ लिटरवर ठेवला म्हणून वीज त्या प्रमाणात कमी लागते असे नाही, कारण आतला कॉम्प्रेसर जवळजवळ तेवढाच चालत राहतो. ३३० वॉट धरले तर दहा तासांत ३.३ युनिटे झाली. ७५ वॉटचे दोन जुने पंखे रात्रभर चालले तर दीड युनिट जाते, आणि त्यांच्या जागी ३० वॉटचे बीएलडीसी पंखे लावले तर तेच काम ०.६ युनिटात होते. फ्रिजचे रात्रीचे अर्धे युनिट, राऊटर आणि एक-दोन दिवे मिळून पाव युनिट धरा. शिवाय बहुतेक विक्रेते जी गोष्ट हिशेबात घेत नाहीत ती म्हणजे हायब्रीड इन्व्हर्टरचा स्वतःचा खप. तो नुसता जागा राहण्यासाठी ४० ते ६० वॉट घेतो, म्हणजे दहा तासांत आणखी अर्धे युनिट. पंखे बदलल्यानंतरही एकूण बेरीज पाच युनिटांच्या पुढे जाते.

आता बॅटरीकडे पाहू. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारात ३.२ व्होल्टचे १६ सेल एकापाठोपाठ जोडून ५१.२ व्होल्ट मिळतात आणि १०० अँपिअर-तासांनी गुणले की ५.१२ युनिटे होतात. मात्र ही छापील क्षमता आहे. त्यातली ९० टक्के वापरायची म्हटले की ४.६ उरतात आणि इन्व्हर्टरमधली घट वजा केली की घराच्या वायरिंगपर्यंत ४.२ च्या आसपास पोहोचतात. याचा अर्थ बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली असली तरी पहाटे पाचच्या सुमारास यंत्र बंद पडेल. तुम्हाला अशा दोन बॅटऱ्या समांतर जोडून हव्यात. त्यातही एकच मोठी घेण्यापेक्षा दोन स्वतंत्र घ्या, कारण प्रत्येकीला आपापली संरक्षण व्यवस्था असते आणि एक काही कारणाने बंद पडली तरी दुसरी चालू राहते.

सध्याची ट्यूब्युलर बॅटरी का टिकत नाही याचेही उत्तर यातच आहे. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास म्हणजे कागदावर १.८ युनिटे होतात, त्यातली निम्मीच सुरक्षितपणे वापरता येतात, आणि ३३० वॉटचा भार लावला की तिच्यातून तीसहून अधिक अँपिअर प्रवाह ओढला जातो. शिशाच्या बॅटरीतून इतक्या वेगाने वीज काढली की तिची क्षमता आणखी घटते. आठ वर्षे जुनी बॅटरी दीड-दोन तास चालते, यात तिने बरेच निभावले असे मी म्हणेन.

३ किलोवॉट पॅनेलबद्दल थोडे. आपल्याकडे १ किलोवॉटमागे वर्षभराची सरासरी रोज चार युनिटांच्या आसपास पडते. तुमच्या २२० युनिटांच्या वापराला खरे तर २ किलोवॉट पुरतात, तरी तुम्ही ३ च घ्या, कारण तुम्हाला जुलैचा हिशेब करायचा आहे. दिवसभर काळोख करून पाऊस कोसळत असेल तेव्हा तीन किलोवॉटमधूनही दोन-तीन युनिटांच्या वर काही मिळत नाही. म्हणजे लाईन गेलेली असताना पहिली रात्र बॅटरीवर आरामात निघेल, दुसरी कशीबशी निघेल आणि तिसरीला दुसरी सोय लागेल. त्यासाठी जनरेटर जोडायची स्वतंत्र सोय असलेलाच हायब्रीड इन्व्हर्टर निवडा. पुढे कधीतरी २ केव्हीएचा छोटा पेट्रोल जनरेटर आणला तर दुपारी तीन-चार तास चालवून बॅटऱ्या भरून घेता येतील.

दोन गोष्टी लेखी करारात घालून घ्या. पहिली म्हणजे अत्यावश्यक भारासाठी वेगळा डीबी, म्हणजे वीज वाटून देणारी स्विचांची पेटी. त्यात कॉन्सन्ट्रेटरचा प्लग, वडिलांच्या खोलीतला दिवा-पंखा, फ्रिज आणि राऊटर एवढेच असावे. एक अश्वशक्तीचा पंप चालताना हजार-अकराशे वॉट घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या काही पट प्रवाह ओढतो, म्हणून पंप, गिझर, इस्त्री आणि मिक्सर त्या डीबीवर अजिबात येऊ देऊ नका. दुसरी गोष्ट सेटिंगची आहे आणि ती पैशाने विकत मिळत नाही. बहुतेक हायब्रीड इन्व्हर्टर कारखान्यातून अशा सेटिंगवर येतात की लाईन असतानाही ते संध्याकाळी आधी बॅटरी वापरतात. तसेच राहू दिले तर रात्री एकला लाईन जाईल तेव्हा बॅटरी आधीच अर्धी झालेली असेल. म्हणून राखीव साठ्याचे प्रमाण जून ते सप्टेंबर, आणि वादळाचा इशारा असेल तेव्हा इतर महिन्यांतही, ९० टक्क्यांच्या वर ठेवायला सांगा आणि ते कसे बदलायचे हे स्वतः शिकून घ्या.

शेवटी यंत्रणेच्या बाहेरची एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घरात ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडर ठेवाच. बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो, म्हणजे २ लिटरच्या प्रवाहाने बारा तास निघतात. कॉन्सन्ट्रेटर स्वतःच नादुरुस्त झाला तर छपरावर कितीही पॅनेल असून उपयोग नाही. रेग्युलेटर बसवून नळी जोडण्याचा सराव आईंनी उजेडात, सावकाश, दोन-चार वेळा करून ठेवावा.

वादळवाट_गुहागर यांचे उत्तर

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. आमच्याकडे चार वर्षांपासून ३ किलोवॉटची हायब्रीड यंत्रणा आहे आणि या चार वर्षांत पॅनेल किंवा बॅटरीपेक्षा लोखंड, माती आणि प्राणी यांनीच मला जास्त शिकवले, म्हणून तेवढ्याबद्दलच लिहितो.

कौलांवर पॅनेल बसवण्याचा विचारही करू नका. वाशांना तो भार आणि वाऱ्याचा ओढा झेपत नाही, शिवाय काम करताना जितकी कौले फुटतात तितकी पुढच्या आगोटीपर्यंत बदलून होत नाहीत. तुमचा मागचा स्लॅब पुरेसा आहे. ५४० वॉटचे एक पॅनेल सुमारे सव्वादोन मीटर लांब, एक मीटरपेक्षा थोडे जास्त रुंद आणि वजनाला पावणेतीस किलोच्या आसपास असते. अशी सहा पॅनेल तीनतीनच्या दोन रांगांत दक्षिणेकडे तोंड करून बसतील आणि बाजूने पुसायला माणूस जाऊ शकेल इतकी जागाही उरेल. आपल्या अक्षांशाला १५ ते १८ अंशांचा उतार योग्य असतो.

हल्ली खाली वावरता यावे म्हणून सात-आठ फूट उंच सांगाडा करण्याची पद्धत पडली आहे. उन्हाळ्यात ती सावली छान वाटते, पण किनाऱ्याजवळ मी तसे करणार नाही. उंचावरच्या पॅनेलखाली वारा शिरला की तो त्यांना वर उचलतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यालगतून गेले, तेव्हा आमच्या गावात एका घराचा असा उंच सांगाडा पॅनेलसकट वाकून शेजारच्या पोफळींत गेला. त्या घराच्या स्लॅबमध्ये जेमतेम दोन इंच गेलेले अँकर बोल्ट मी स्वतः हातात घेऊन पाहिले. सांगाडा ठेंगणा ठेवा, त्याच्या पायांना स्लॅबच्या सळयांशी बांधलेले सिमेंटचे चौथरे करून घ्या आणि चौथऱ्यांभोवतीचे वॉटरप्रूफिंग विक्रेत्याच्याच करारात घाला, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात स्लॅब गळू लागला की जबाबदारी कोणाची यावरून वाद होतो. लोखंड गरम जस्ताच्या हौदात बुडवून गॅल्व्हनाइज केलेले असावे, त्या जस्ताची जाडी ८० मायक्रॉन असल्याचे लेखी घ्यावे आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. खाऱ्या हवेत साधे बोल्ट दोन वर्षांत इतके गंजतात की पान्याला दाद देत नाहीत. खाऱ्या हवेच्या चाचणीतून गेलेली पॅनेल मिळतात, ती मागून घ्या. दरवर्षी मे महिन्यात, आगोटीची कामे चालू असतात तेव्हाच, सर्व बोल्ट एकदा आवळून घेण्याची आमच्या घरची पद्धत आहे.

कलमाबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक सावलीची. पश्चिमेचे झाड दुपारी तीननंतर सावली टाकेल आणि एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली सावलीसुद्धा त्या साखळीतल्या सगळ्या पॅनेलचे उत्पादन ओढून खाली आणते. जानेवारीत एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला स्लॅबचा फोटो काढा, म्हणजे कोणत्या फांद्या छाटाव्या लागतील हे नेमके कळेल. दुसरी गोष्ट बाहेरचा कोणी सांगत नाही. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांमुळे जो चिकटा गळतो, तो पानांवर पडतो तसाच पॅनेलच्या काचेवरही पडतो, त्यावर धूळ बसते आणि पाण्याच्या नुसत्या फवाऱ्याने तो निघत नाही. आमच्याकडे फेब्रुवारीत उत्पादन अचानक उतरले, तेव्हा मी तंत्रज्ञाला बोलावले होते. त्याने काही न बोलता काचेवरून बोट फिरवून मला दाखवले. त्या महिन्यात दर आठ दिवसांनी, ऊन चढण्यापूर्वी, कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने काच पुसावी लागते. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मात्र टाकू नये.

वानरांचा विचार तुम्ही नक्की करा. कलमावरून स्लॅबवर आणि स्लॅबवरून कौलांवर हीच त्यांची वाट असेल तर पॅनेल त्या वाटेतच येतील. आमचे एक पॅनेल असेच गेले. काच फुटून खाली पडत नाही, तिच्यावर जाळ्यासारखे तडे जातात आणि पावसाचे पाणी आत शिरू लागते. त्यानंतर आम्ही स्लॅबकडे येणाऱ्या फांद्या दहा-बारा फूट मागे छाटल्या आणि त्रास पुष्कळ कमी झाला. विमा काढताना माकडांमुळे होणारे नुकसान त्यात धरले आहे का, हे स्पष्ट विचारून घ्या.

अर्थिंगसाठी तीन वेगळे खड्डे हवेत. एक पॅनेल आणि सांगाड्याचा, एक इन्व्हर्टरच्या बाजूचा आणि एक फक्त आकाशातली वीज जमिनीत सोडणाऱ्या तडितरोधकाचा. कामगार घाईत असले की एकाच खड्ड्यात तिन्ही पट्ट्या सोडून मोकळे होतात. आपल्या कातळात आणि जांभ्यात अर्थिंग सहज लागत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. आमच्याकडे घराला लागून केलेल्या खड्ड्याचे माप खूपच जास्त आले, म्हणून विहिरीजवळच्या ओल्या जागेपर्यंत पट्टी न्यावी लागली, तेव्हा कुठे ते ५ ओहमच्या खाली आले. तुमच्यासमोर मापकाने मोजून आकडा लिहून घ्या. अवकाळी पावसातल्या विजा इन्व्हर्टर जाळतात, म्हणून डीसी आणि एसी अशा दोन्ही बाजूंना सर्ज संरक्षक (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारे उपकरण) असल्याचेही पाहा.

आणखी एक अनुभव तुमच्या उपयोगाचा आहे. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये आमचा हायब्रीड इन्व्हर्टर बंद पडला. उघडल्यावर आत सर्किटवर जळालेली पाल निघाली, कारण केबलचे भोक बंद करायचे राहून गेले होते. दुरुस्तीला अकरा दिवस लागले, आणि सगळा अत्यावश्यक भार इन्व्हर्टरमधूनच जात असल्यामुळे लाईन चालू असूनही त्या खोल्यांत वीज नव्हती. त्यानंतर आम्ही हाताने फिरवायचा बायपास चेंजओव्हर बसवला. तो फिरवला की इन्व्हर्टर बाजूला राहतो आणि मीटरची वीज थेट त्या डीबीला मिळते. तुमच्या घरी हा चेंजओव्हर पहिल्या दिवसापासून हवा. जुना साधा इन्व्हर्टरही मोडीत काढू नका. त्याला नवी ट्यूब्युलर बॅटरी लावून तो फक्त कॉन्सन्ट्रेटरसाठी दुसरी फळी म्हणून ठेवा.

शिपोळशी_पाखाडी यांचे उत्तर

कागदपत्रांचे काम मी आमच्या सामाईक घरासाठी गेल्या वर्षी पूर्ण केले, म्हणून तेवढेच सांगतो. बिल आजोबांच्या नावावर असताना अर्ज करू नका. प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत अर्जदार, वीजग्राहक आणि बँक खाते यांचे नाव जुळावे लागते, आणि ते न जुळल्यामुळे अडकलेले अनुदान नंतर सोडवणे फार कटकटीचे होते. आधी महावितरणकडे ग्राहकाचे नाव बदलून घ्या. आम्हाला त्यासाठी मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती आणि इतर वारसांचे संमतीपत्र लागले. मुंबईला असलेल्या दोन चुलत्यांच्या सह्या मिळवण्यात सर्वांत जास्त वेळ गेला. तुमच्या घरातही काका-आत्या असतील तर गणपतीला सगळे गावी येतात तेव्हा सह्या घेणे सोयीचे पडेल, मात्र त्यांना त्यामागचे कारण आधी फोनवर नीट समजावून सांगा, कारण घराच्या कागदावर सही म्हटले की माणसाला वेगळीच शंका येते. आम्ही संमतीपत्रात हे फक्त वीजजोडणीपुरते आहे आणि घराच्या मालकीशी त्याचा संबंध नाही असे स्पष्ट वाक्य घातले, तेव्हा सगळे निर्धास्त झाले.

अनुदान पहिल्या २ किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे ३ किलोवॉटला एकूण ७८ हजार मिळते. त्यासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात आणि विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो. ग्रिडला जोडलेल्या हायब्रीड यंत्रणेतही पॅनेलच्या क्षमतेवर अनुदान मिळते, बॅटरीसाठी वेगळे काही मिळत नाही आणि ग्रिडपासून पूर्ण तुटलेली यंत्रणा योजनेत बसत नाही. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीसाठी थांबावे लागत नाही. शेवटचा हप्ता नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) बसून यंत्रणा प्रत्यक्ष सुरू झाल्यावरच द्यायचा असे करारात लिहा. नोंदणीकृत विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते, ती कामाच्या बिलावर लिहून घ्या.

बिल शून्य होण्याबद्दलही थोडे सांगतो. उन्हाळ्यात जास्तीची युनिटे पुढच्या महिन्यांत जमा होत राहतात आणि ३१ मार्चला त्यांचा हिशेब मिटतो, पण स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो.

तांबडी_माती यांचे प्रत्युत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशीलात लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. मागच्या शनिवार-रविवारी मी घरी जाऊन आले. प्लगमध्ये लावायचा एक छोटा वीजमापक नेला होता. रात्री नऊ ते सकाळी सात या वेळात एकट्या कॉन्सन्ट्रेटरने ३.२ युनिटे घेतली आणि त्याच रात्री घराच्या मुख्य मीटरवर ६.१ युनिटे फिरली. वीजतंत्रींनी पंख्यांबद्दल लिहिले होते ते आठवून मी तेही मोजले. वडिलांच्या खोलीतला पंखा एकटाच ८० वॉट घेत होता, म्हणून तो आणि ओटीवरचा असे दोन्ही त्याच दिवशी बदलले.

स्लॅबवर उभी राहिले तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. पाण्याची टाकी दक्षिणेच्या कोपऱ्यात आहे आणि तिची सावली सकाळी दहापर्यंत बरोबर पॅनेलच्या जागेवर पडते. ती उत्तरेला हलवायची ठरले आहे. सिलिंडर आणला आहे, आईने दोन वेळा नळी जोडून पाहिली आणि रेग्युलेटरवरचा २ चा आकडा तिला चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून त्या खुणेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला.

दुसऱ्या विक्रेत्याला दोन बॅटऱ्या, वेगळा डीबी, बायपास चेंजओव्हर, तीन अर्थिंग आणि ठेंगणा सांगाडा असा नवा दर मागितला. त्याने ४ लाख ८५ हजार सांगितले आहेत. एक शंका उरली आहे. बॅटऱ्या माळ्यावर ठेवायचे तो सुचवतो आहे, म्हणजे खालची जागा अडणार नाही. हे योग्य होईल का?

वीजतंत्री यांचे उत्तर

माळ्यावर नको. एप्रिल-मे महिन्यांत कौलांखालच्या माळ्यावर दुपारी जी धग असते तिच्यात लिथियम बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि पावसाळ्यात एखादे कौल सरकले तर पाणी थेट बॅटरीवर येईल. माजघराच्या जांभ्याच्या आतल्या भिंतीला, जमिनीपासून दोन फूट उंच, लोखंडी मांडणीवर ठेवा. तिथे उन्हाळ्यातही गारवा असतो. भोवती हवा खेळेल इतकी मोकळी जागा सोडा आणि केबल शिरते ती सर्व भोके बंद करून घ्या. इन्व्हर्टर त्याच भिंतीवर पण आईंच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवा, म्हणजे राखीव साठ्याचा आकडा त्यांना जाता-येता दिसेल.

यंत्रणा सुरू होईल त्या दिवशी विक्रेता घरात असतानाच, संध्याकाळी, मेन स्विच तुमच्या हाताने बंद करा आणि सकाळपर्यंत तसाच ठेवा. सिलिंडर जवळ असू द्या आणि त्या रात्री तुम्ही स्वतः घरी राहा. कॉन्सन्ट्रेटर अलार्म न देता बॅटरीवर गेला पाहिजे. सकाळी सातला बॅटरीत किती टक्के उरले ते वहीत लिहून ठेवा. माझ्या हिशेबाने चाळीस टक्क्यांच्या आसपास उरायला हवेत. तीसच्या खाली गेले तर वेगळ्या डीबीवर नको असलेला भार कुठून तरी आला आहे असे समजून तो आधी शोधून काढायला लावा. तोपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

तांबडी_माती यांचे प्रत्युत्तर

माजघराची भिंत आजच आईला फोनवर सांगितली. तिथला धान्याचा कणगा ती हलवते आहे. नाव बदलण्याच्या अर्जासाठी धाकट्या काकांची सही मिळाली आहे, थोरल्या आत्या पुढच्या रविवारी येणार आहेत. मेन स्विच बंद करून काढलेल्या रात्रीचा आकडा इथेच लिहीन.